साबळ्यांचा पहिला म्हातारा

आमच्या दवाखान्यात माणसं छातीवर हात ठेवून यायची. सुदामतात्या साबळे आले ते काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन.

बारामतीतल्या एका हृदयरोगाच्या डॉक्टरांकडं मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. ईसीजी काढायचा, रक्त घ्यायचं, रिपोर्ट लावून ठेवायचे, हे माझं काम. सकाळची गर्दी ओसरली होती. पांढरा शर्ट, धुळीनं मूळचा रंग गेलेले बूट आणि उन्हानं रापलेली मान, असा एक उंच, काटक माणूस माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. काय होतंय, असं मी सवयीनं विचारलं.

"आत्ता काय होत न्हाय," ते शांतपणे म्हणाले. "पण व्हनार हाय. कवा, तेवढं बघायचंय."

मी त्यांना बसायला सांगितलं. बसायच्या आधी त्यांनी टेबलावरचे माझे कागद बाजूला सारले, गुंडाळीची नाडी सोडली आणि कागद पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या: माझा स्टेपलर, माझा जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि स्वतःचं मनगटी घड्याळ.

ती साबळ्यांची वंशावळ होती. तात्या इंदापूरला मोजणी खात्यात होते. गावोगाव जाऊन शेतं मोजायची, हद्दी दाखवायच्या, खुणा रोवून द्यायच्या, ही त्यांची नोकरी. वारसांच्या वंशावळी त्यांनी आयुष्यभर पाहिलेल्या. ही मात्र मरणांची होती. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजोबांच्या चौकोनावर तांबड्या शाईची तिरकी रेघ आणि खाली शेहेचाळीस. नांगर सोडून बांधावर पाणी प्यायला बसले ते उठलेच नाहीत. चुलते बेचाळीस. वडील चव्वेचाळीस, इंदापूरच्या बाजारात वांग्याची पाटी उतरवताना. थोरले भाऊ एकेचाळीस, सायकलवरून घरी येताना. त्यानंतरचा चौकोन सुदाम. त्यावर रेघ नव्हती आणि खालचं अठ्ठेचाळीस पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. बाकी सगळी वयं शाईत असताना हे एकच पेन्सिलीनं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, दरवर्षी खोडावं लागतं.

साबळ्यांचा पुरुष पन्नाशी बघत नाही, हे त्यांच्या गावात, निमगाव केतकीत, सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी म्हणायचं, यांच्या आजानं शेतात नाग मारला. कुणी म्हणायचं, घराचा उंबरा चुकला. तात्यांचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. त्यांचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेऊन आलेले. "तवापासनं आमच्या घरात शाप चालत न्हाय," तात्या म्हणाले. "मग कारण हुडकायला नको का?"

ईसीजीसाठी मनगटाला चिमटे लावताना मला त्यांचे हात दिसले. मूठ वळली की जे उंचवटे दिसतात, त्यांवर पिवळसर, टणक गाठी होत्या. मी विचारल्यावर त्यांनी अभिमानानं मूठ पुढं केली. ही साबळ्याची गाठ. आजोबांना होती, वडिलांना होती, भावाला होती. ज्याच्या हातावर ती, तो अस्सल साबळ्या आणि कामाला वाघ, असं घरात मानत. बाळंतपणाला आलेल्या लेकीचं पोर जरा मोठं झालं की म्हाताऱ्या आधी त्याचा हात चाचपत.

डॉक्टर आत आले. त्यांनी ईसीजीच्या पट्टीकडं ओझरतं पाहिलं आणि तात्यांचा हात हातात घेतला. गाठी दाबून पाहिल्या. मग बूट काढायला लावले आणि टाचेच्या वरची शीर चिमटीत धरून पाहिली. तीही दोरखंडासारखी जाड होती. मग डॉक्टर मला म्हणाले, रक्त घे.

आकडा आला तेव्हा मला वाटलं, मशीन बिघडलं. मी परत लावलं, तोच आकडा. रक्तातलं कोलेस्टेरॉल इतकं वर मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तात्यांना समजावून सांगितलं. रक्तातली चरबी लिव्हरनं ओढून घ्यायची असते. तुमच्यात ते काम जन्मापासून नीट होत नाही. ती चरबी हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसते, वर्षानुवर्षं थर चढत जातो, वाट अरुंद होते. थोडी हातावर आणि टाचेत बसते. तीच तुमची गाठ. हे बापाकडून किंवा आईकडून येतं, आणि ज्याला आहे त्याच्या प्रत्येक लेकराला यायची शक्यता निम्मी.

तात्या आपल्या मुठीकडं बघत राहिले. "म्हंजे सोळा आण्यातलं आठ आणं," ते म्हणाले. मोजणीच्या जुन्या तेहतीस फुटी साखळीला सोळा आणे असत, तिच्यावरच त्यांची नोकरी सुरू झालेली. त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट ते आण्यांत नाहीतर साखळ्यांत सांगत. आमच्या दवाखान्यापासून एसटी स्टँड किती साखळ्या, हे बारामतीत त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असेल असं वाटत नाही.

अँजिओग्राफीत दोन वाहिन्या अरुंद व्हायला लागलेल्या दिसल्या, पण अजून रक्ताला वाट होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या जन्मभराच्या. किती वर्षं मिळतील, एवढाच प्रश्न तात्यांनी विचारला. डॉक्टर म्हणाले, ते मला सांगता येणार नाही, पण ती पेन्सिल टाकून देऊ नका.

आता खरी अडचण पुढंच होती. आपण पन्नाशी बघणार नाही, हे तात्यांनी इतकं पक्कं धरलं होतं, की दवाखान्यात यायच्या आधीच्या वर्षात त्यांनी आपल्या वस्तू वाटून टाकल्या होत्या. आपल्या माघारी भांडणं नकोत, म्हणून. मोटारसायकल पुतण्याला. लोखंडी कपाट थोरल्या वहिनीला. गरम कोट चुलतभाऊ बबनला. रेडिओ शेजारच्या मास्तरांना. मंगलाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, अंगणवाडीत होत्या. त्यांनी नवऱ्याला अडवलं नाही, फक्त प्रेशर कुकर माहेरी नेऊन ठेवला. हा माणूस सकाळी कुठल्या वस्तूवर कुणाचं नाव घालेल सांगता येत नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तात्या दवाखान्यात पेढे घेऊन आले. स्वतः एकच खाल्ला, तोही अर्धा करून. आणि दुसऱ्या दिवसापासून वस्तू परत मागायला निघाले. पुतण्यानं मोटारसायकल दिली, पण तिला दोन पोचे आणि नवा हॉर्न. वहिनींनी कपाट दिलं, मात्र त्यांच्या साड्या काढून घेईपर्यंत दोन महिने गेले. मास्तरांनी रेडिओ आणून दिला आणि वर म्हणाले की तात्या जगणार याची त्यांना पहिल्यापासूनच खात्री होती. बबननं कोट दिला नाही. तो म्हणायचा, दिलेली वस्तू परत घेतात का कुठं? तात्या म्हणायचे, मी मरणाच्या अटीवर दिली होती, अट पुरी झाली नाही, व्यवहार रद्द. हा वाद निमगावच्या बाजारात दर आठवड्याला चाले आणि लोक भाजी सोडून ऐकायला थांबत. पुढं कित्येक वर्षं थंडीत बबन तो कोट घालून मुद्दाम तात्यांच्या दारावरून जायचा. तात्या आतून हाक मारायचे, जपून वापर रे, माझा हाय.

पण ही मजा पुढची. त्याआधी, गोळ्या सुरू झाल्या त्याच महिन्यात, तात्यांनी एक काम काढलं होतं. वंशावळीत ज्या ज्या चौकोना-गोलात माणूस जिवंत आहे, त्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं. डॉक्टरांनी होकार दिला आणि मला पाठवलं. रविवारी सकाळी निमगावच्या बुद्धविहारात सतरंजी अंथरली, टेबल मांडलं. वंदना झाली आणि साबळे मंडळी उपाशीपोटी रांगेत बसली. दौंडहून, पुण्याहून, बारामतीहून मिळून वीस-बावीस माणसं.

कुणाला रक्त द्यायचं नव्हतं. आमाला काय झालंय, असं जो तो म्हणत होता. पुण्यात बँकेत असलेला एक पुतण्या तर म्हणाला, तात्या, मी रोज पळतो. तात्यांनी भाषण केलं नाही. त्यांनी टेबलावर मूठ ठेवली आणि म्हणाले, सगळ्यांनी मुठी ठेवा. एकेक मूठ पुढं आली. काहींच्या हातांवर ठळक गाठी, काहींच्या बारीक, बऱ्याच हातांवर काहीच नाही. गाठीवाले हसत होते, एकमेकांना दाखवत होते. मग तात्यांनी ती गाठ कशाची असते ते सांगितलं. गाठ नसली म्हणजे सुटला असं न्हाय, रक्तच द्यावं लागतंय, हेही सांगितलं. गाठीवाल्यांनी हात मागं घेतले.

तेवढ्यात गऊआत्यानं तोंड उघडलं. गऊआत्या म्हणजे तात्यांच्या वडिलांची बहीण, वय सत्तरीच्या पुढं. कोपऱ्यात पाय पसरून बसलेली. तिनं आपले दोन्ही हात वर केले, मऊ, सुरकुतलेले, एकही गाठ नसलेले. लहानपणी हातावर गाठ नाही म्हणून आईनं तिला किती बोल लावले, ही साबळ्यांची नव्हंच, कुणी बदलून ठेवली म्हणून भाऊ कसे चिडवायचे, हे तिनं सगळ्यांना ऐकवलं. आणि शेवटी म्हणाली, "ज्यांनी बोल लावलं त्ये समदे गेलं. मी हितं बसल्ये." तिच्या बोलण्यावर आधी मंगलाकाकू हसल्या, मग सगळा विहार हसला, आणि बँकवाल्या पुतण्यानं पहिला हात पुढं केला.

रिपोर्ट आले. नऊ जणांत दोष निघाला. बबनमध्ये निघाला, रोज पळणाऱ्या पुतण्यात निघाला. तात्यांच्या मुलीला नव्हता. मुलगा मिलिंद, एकोणीस वर्षांचा, त्याला होता. तो रिपोर्ट मीच तात्यांच्या हातात दिला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बापलेक बराच वेळ बसले होते. मी औषधाची चिठ्ठी द्यायला बाहेर गेले तेव्हा तात्या मुलाला सांगत होते, "माझ्या बापाला ठाव नव्हतं. मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुला आत्ताच कळलंय. एवढी इस्टेट तुला माझ्यापेक्षा जास्त हाय बघ." मिलिंदनं मान हलवली आणि चिठ्ठी माझ्या हातातून स्वतः घेतली.

डॉक्टरांनी तात्यांचं थोडं रक्त मोठ्या शहरात जनुकांच्या तपासणीलाही पाठवलं होतं. जनुकात एका ठिकाणी एक अक्षर बदललंय, असा त्याचा निकाल आला. हे तात्यांना इतकं पटलं की ते खूशच झाले. सातबारा हातानं लिहायच्या काळात असंच व्हायचं म्हणे. एकानं नाव उतरवताना एक अक्षर चुकवलं, की पुढचा त्याचंच बघून लिहिणार, त्याच्या पुढचा त्याचं. चूक कुणाचीच नाही, पण पिढ्यान् पिढ्या चालत येते. दुरुस्ती होत नसेल तर निदान चूक कुठं आहे ते माहीत पाहिजे. "हद्द दावली म्हंजे भांडान मिटत न्हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, "पण कुठं भांडायचं त्ये कळतंय."

भांडायची त्यांची पद्धत वेगळीच होती. कुठल्याही लग्नाकार्यात मटणाचं ताट पुढं आलं की ते खिशातून स्वतःचा चमचा काढत, रश्श्यावरची तर्री अलगद गोळा करत आणि शेजारच्याच्या वाटीत सोडत. शेजाऱ्याला वाटे मान केला. मग गोळी घ्यायची वेळ झाली की पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, कुणाची विसरली तर न्हाय ना. निमगावात त्यांच्या शेजारी जेवायला बसायला लोक टाळू लागले होते, आणि रक्त तपासून घ्यायलाही लागले होते.

वंशावळीत एकच गोल रिकामा राहिला होता. शालन. तात्यांची धाकटी बहीण, मी राहत होते त्या बारामतीजवळच्या पिंपळीत दिलेली. वडिलांच्या जमिनीचं वाटप झालं तेव्हा तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलं होतं. माझा वाटा मी भावांना सोडला, असं तिच्या सहीनं. रीतच तशी, म्हणून कुणी विचारलं नाही. कागद लिहिला खुद्द तात्यांनी. शालननं सही केली आणि त्यानंतर अकरा वर्षं माहेरी पाऊल टाकलं नाही.

एका रविवारी तात्या माझ्या स्कूटीवर मागं बसून पिंपळीला आले. शालनताई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. तात्यांनी कागद पसरला आणि सगळं समजावून सांगितलं. शालनताईंनी आपल्या नावाच्या गोलावर बोट ठेवलं. त्यांच्या बोटांच्या सांध्यांवर त्याच गाठी होत्या.

"जमिनीच्या कागदातनं माझं नाव काढलंस," त्या म्हणाल्या. "ह्या कागदात बरं घातलंस."

"त्यातनं मी काढलं, शाले," तात्या म्हणाले. "ह्यातनं काढायचं माझ्या हातात आसतं तर आदी काढलं आसतं."

शालनताईंनी कागदाची गुंडाळी केली आणि परत दिली. रक्त देणार नाही म्हणाल्या. तात्यांनी आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी ते परत गेले आणि शेंगांच्या ढिगापाशी बसून न विचारता शेंगा फोडू लागले. एक पाटी झाली, उठून आले. त्याच्या पुढच्या रविवारी परत. त्या दिवशी चहा आला. चहा पिता पिता शालनताई सहज म्हणाल्या की हल्ली पित्त फार वाढलंय. कालव्यावरून गवताचा भारा आणताना जळजळ गळ्यापर्यंत येते, भारा टाकून बसलं की जाते. तात्यांचा शेंग फोडणारा हात थांबला. वंशावळीचा कागद भाचीच्या, म्हणजे शालनताईंच्या रेश्माच्या हातात दिला आणि ते निघाले. गावाबाहेर आल्यावर त्यांनी मला स्कूटी थांबवायला लावली. चालल्यावर येतं आणि बसल्यावर जातं, ते पित्त नसतं ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

मंगळवारी शालनताई दवाखान्यात आल्या, रेश्माला घेऊन. माझं राहू द्या, हिचं बघा, असं म्हणाल्या. रेश्मानं कागद वाचला होता आणि आईनं तपासलं तरच मी तपासीन, अशी अट घातली होती. शेवटी दोघींचंही रक्त घेतलं. रेश्माचं साफ निघालं. शालनताईंचा ईसीजी काढताना मात्र पट्टीवरच्या रेषा बघून मी डॉक्टरांना हाक मारली. अँजिओग्राफीत तिन्ही वाहिन्या जवळजवळ बंद झालेल्या दिसल्या. बायकांना पाळीच्या वर्षांत थोडं संरक्षण असतं, त्यामुळं पुरुषांपेक्षा दहा वर्षं उशिरा धरतं, पण धरतं, असं डॉक्टर म्हणाले. वंशावळीत सगळ्यांनी पुरुषांचीच मरणं मोजली होती. लेकी दुसऱ्यांच्या घरी गेल्या की मोजणीतून जातात.

आठवड्याच्या आत पुण्याला बायपास ठरली. ऑपरेशनच्या सकाळी मीही गेले होते. ढकलगाडीवर पडलेल्या शालनताईंनी दारापाशी गाडी थांबवायला सांगितली आणि भावाला जवळ बोलावलं.

"माघारी आले तर माझी जमीन मोजून दे," त्या म्हणाल्या.

तात्यांनी मान हलवली. दार बंद झालं, तसे ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पाच तासांनी सर्जन बाहेर येऊन नीट झालं म्हणाले, तेव्हा मंगलाकाकूंनी त्यांना खुर्चीवर बसवलं.

सहा महिन्यांनी जमीन मोजली गेली. इंदापूरला जाऊन तात्यांनी आपल्या वाट्यातली जमीन बहिणीच्या नावावर केली होती. मोजणीला शालनताई नवं लुगडं नेसून आल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची शेतं मोजलेल्या माणसानं त्या दिवशी टेपचं दुसरं टोक बहिणीच्या हातात दिलं. मग दोघांचं वीतभर जागेवरून भांडण जुंपलं. तात्या म्हणत, खूण इथं येते. शालनताई म्हणत, टेप ढिला धरलास. तिसऱ्यांदा मोजलं. खूण वीतभर पुढं सरकली. टेप तिनं ओढला होता हे आम्हा सगळ्यांना दिसलं होतं. तात्यांनाही दिसलं असणार. त्यांनी स्वतः दगड उचलून आणला आणि तिथं रोवला. आज तिथं शालनताईंचा पानमळा आहे.

तात्यांचं स्वतःचं दुखणं मात्र थांबलं नव्हतं, फक्त सावकाश झालं होतं. छप्पन्नाव्या वर्षी ते एकदा दवाखान्यात आले आणि माझ्यापुढं वहीचं पान ठेवलं. मोजणीवर असताना बारा साखळ्या चाललं की जबडा दुखायला लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी आठ. चौथ्या दिवशी सहा साखळ्यांवर दुखलं, तेव्हा मोजणी अर्धी ठेवून, शेतकऱ्याची माफी मागून ते निघून आले होते. डॉक्टरांनी ते पान वाचलं आणि आधी त्यांना चांगलं झापलं. पहिल्या दिवशी यायचं सोडून मोजत काय बसलात, म्हणाले. मग म्हणाले, इतकी नीट माहिती मला कुठला पेशंट देत नाही. त्याच दिवशी स्टेंट बसवला. गोळ्या नसत्या तर ही वेळ तुमच्यावर पाच-सहा वर्षं आधीच आली असती, असं डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी तात्या अर्धी राहिलेली मोजणी पुरी करायला गेले, मंगलाकाकूंना बरोबर घेऊन.

तिथून पुढं तात्या म्हातारे व्हायला लागले आणि त्यांच्यासारखा आनंदानं म्हातारा होणारा माणूस मी पाहिला नाही. चाळशीचा नंबर वाढला की ते सांगायला यायचे. दाढ काढली, तर ती कागदाच्या पुडीत घालून दाखवायला आणली. एकदा दारातून लंगडत आत आले. मी घाबरून उठले, तर चेहरा हसरा. गुडघा दुखत होता. आमच्या घराण्यात आजवर कुणाचा गुडघा दुखला नाही, म्हणाले, दुखायला माणूसच मागं राहायचा नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी डोळ्यावरची हिरवी पट्टी लावून निमगावच्या बाजारात दोन चकरा मारल्या.

दरम्यान माझ्या यजमानांची बदली कोल्हापूरला झाली आणि आमचं बारामती सोडायचं ठरलं. दवाखान्यातला शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पिंपळीला जायला मी इंदापूरच्या एसटीत बसले, तर पुढच्या बाकावर तात्या. वार्षिक तपासणी करून घरी निघाले होते. बातमी सांगितल्यावर ते म्हणाले, कोल्हापूरला तर्री फार खातात, जपून राहा.

कंडक्टर आला. तरुण होता, नवीन दिसत होता. बायकांना अर्धं तिकीट असतंच, त्यामुळं मला त्यानं काही न विचारता अर्धं दिलं. तात्यांना पूर्ण तिकीट फाडायला लागला, तसे तात्या म्हणाले, "हाफ."

कंडक्टरनं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. ताठ पाठ, रापलेला चेहरा, काळ्यात मिसळलेले थोडेसे पांढरे केस. अर्धं तिकीट पासष्टीच्या पुढच्यांना असतं, असं त्यानं अदबीनं सांगितलं.

तात्या याचीच वाट पाहत होते. धावत्या गाडीत ते उठून उभे राहिले. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कार्ड काढलं आणि कंडक्टरच्या डोळ्यांपुढं धरलं. कंडक्टरनं जन्मसाल वाचलं, मनात हिशोब केला आणि वाटत न्हाय तात्या, असं म्हणून हसला. तेवढ्यानं तात्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी ते कार्ड माझ्या मागच्या बाकावरच्या माणसाला दिलं आणि जरा मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यानं वाचलं. मग त्याच्या मागच्यानं मागितलं.

पिंपळीचा थांबा आला. मी पाया पडायला वाकले, तर गाडी हलतेय, पडशील, म्हणून त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केलं आणि दारापर्यंत पोचवलं. मी खाली उतरले. गाडी सुटली. खिडकीतून मला ते दिसले, अजून उभेच होते. मागच्या बाकावरून त्यांचं कार्ड हातोहाती पुढं येत होतं, एकेक जण त्यावरचं साल वाचून त्यांच्याकडं वळून बघत होता, आणि तात्या प्रत्येकाला मान हलवून व्हय, व्हय म्हणत होते.